हिरवा ठिपका आणि सहा बॉट: जॅबर सर्व्हर उभा करतानाच्या नोंदी

४ मार्च

आधी काय करायचंय ते सांगते. आम्ही पाच जण आणि सहा स्क्रिप्ट. एक रात्री बॅकप घेते, एक बिल्ड करते, एक डिस्क किती भरली ते बघते, एक लॉगमध्ये एरर शोधते, एक सर्टिफिकेटांच्या मुदती बघते, आणि सहावी या सगळ्यांचं ऐकून माणसांना उठवते, तिचं नाव पहारेकरी. आत्तापर्यंत सगळं ईमेलवर यायचं आणि ईमेल कोणी वाचत नाही हे मागच्या महिन्यात चांगलंच कळलं, बॅकप नऊ दिवस बंद होता, नऊ ईमेल येऊन पडल्या होत्या, आणि पाचही जणांनी फिल्टर लावून त्या एका फोल्डरात ढकललेल्या.

तर हवंय असं: प्रत्येक स्क्रिप्टचं (यापुढे तिला बॉट म्हणते) चॅटवर स्वतःचं अकाउंट, माणसांच्या यादीतच तिचं नाव, ती चालू आहे की नाही ते ठिपक्यावरून कळावं, आणि पहारेकऱ्याने जो माणूस हजर असेल त्यालाच मेसेज करावा.

आज अर्धा दिवस एका जुगाडात घालवला. दर ३० सेकंदांनी प्रत्येक स्क्रिप्ट डेटाबेसात "मी आहे" लिहिणार, दुसरी एक स्क्रिप्ट ते वाचणार, वगैरे. संध्याकाळी लक्षात आलं की जे जॅबर ही खुली चॅट व्यवस्था १९९९ पासून करतेय तेच मी हाताने लिहितेय आणि तेही वाईट. एक्सएमपीपीमध्ये (जॅबरच्या प्रोटोकॉलचं अधिकृत नाव) हजेरी, म्हणजे कोण ऑनलाइन आहे ते, हा प्रोटोकॉलचाच भाग आहे, कनेक्शन तुटलं की सर्व्हर स्वतःच सगळ्यांना सांगतो. (निदान असं मला आज वाटतंय. ११ तारीख बघा.) जुगाड डिलीट.

सर्व्हर प्रॉसडी घेतला, कारण सगळी सेटिंग एका फाइलीत आणि मशीन लहान आहे, १ जीबी रॅम. बॉटसाठी पायथन आणि स्लिक्सएमपीपी लायब्ररी. माणसांकडे चॅटचे क्लायंट: कॉम्प्युटरवर गाजिम किंवा डिनो, फोनवर कॉन्व्हर्सेशन्स.

५ मार्च

इन्स्टॉल वीस मिनिटांत. सर्टिफिकेटात तीन तास.

चूक अशी की सर्व्हरचं मशीन एका सबडोमेनवर आहे म्हणून मी सर्टिफिकेट त्या सबडोमेनचं काढलं. पण अकाउंटचे पत्ते मूळ डोमेनवर आहेत, आणि क्लायंट एसआरव्ही रेकॉर्ड (डोमेनची सेवा कुठल्या मशीनवर आहे ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) वाचून कुठल्याही मशीनकडे गेला तरी सर्टिफिकेट तपासताना बघतो ते पत्त्यातलं डोमेन, मशीनचं नाव नाही. वेब सर्व्हरची सवय असली की इथे माणूस हमखास आपटतो. गाजिमने निदान इशारा दाखवला, बॉट नुसता गप्प बसून पुन्हा पुन्हा कनेक्ट करत राहिला. प्रॉसडीच्या कमांडमध्ये "चेक" म्हणून आहे, ती आधी चालवली असती तर तीन तास वाचले असते, ती सरळ सांगते काय गंडलंय.

बाहेरच्या सर्व्हरांशी बोलायचं नाही म्हणून सर्व्हर-ते-सर्व्हर मॉड्यूल बंद आणि ५२६९ पोर्ट बंद, फक्त ५२२२ चालू.

६ मार्च

पहिला बॉट कनेक्ट झाला. लॉगमध्ये लॉगिन यशस्वी, आणि यादीत मात्र राखाडी. मेसेज टाकले तर उत्तर नाही. दोन तास मी मेसेज हँडलरमध्ये बग शोधत होते आणि बग तिथे नव्हताच.

लॉगिन होणं आणि हजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेशन सुरू झाल्यावर क्लायंटने स्वतःहून पहिली हजेरी पाठवावी लागते, ती एक ओळ मी लिहिलीच नव्हती. तोवर सर्व्हरच्या मते तुम्ही आत आलात पण उपलब्ध नाही, म्हणून मेसेज ऑफलाइन साठ्यात जातात. ती ओळ घातल्याबरोबर साठलेले माझे सतरा "हॅलो" एकदम धाडकन आले आणि बॉटने सतरांनाही उत्तर दिलं. तेव्हा हसले. याच गोष्टीने पुढे रडवलं.

७ मार्च

आता एकमेकांची परवानगी. हजेरी कोणालाही अशीच दिसत नाही, आधी सबस्क्राइब विचारायचं, समोरच्याने हो म्हणायचं, आणि तेही एकाच दिशेने होतं, उलट दिशेला पुन्हा तेच. काल बॉटला मी दिसत होते आणि मला बॉट दिसत नव्हता तो याचमुळे. अकरा अकाउंट म्हणजे ५५ जोड्या, प्रत्येकी दोन दिशा. कोण बसणार ते करत.

प्रॉसडीत ग्रुप्स नावाचं मॉड्यूल आहे, एका टेक्स्ट फाइलीत सगळे पत्ते लिहिले की सगळे एकमेकांच्या यादीत आपोआप. दहा मिनिटांत ११० परवानग्या वाचवल्या म्हणून भयंकर खूश. ही खुशी लक्षात ठेवा.

९ मार्च

माझाच मूर्खपणा. हजेरीसोबत मोकळा मजकूर पाठवता येतो, म्हणून मी बॅकप बॉटला "बॅकप चालू, ६२ टक्के" असं दाखवायला लावलं. भारी दिसत होतं. मग बाकीच्यांनाही, रिकामा असेल तर "रिकामा, १२ सेकंद", "रिकामा, १३ सेकंद". दर सेकंदाला.

दुपारी टीममधल्या एकाने विचारलं की फोनची बॅटरी अशी का उतरतेय. हिशोब केला: प्रत्येक बॉटची हजेरी पाच माणसांच्या दोन-दोन उपकरणांवर आणि बाकीच्या पाच बॉटवर, म्हणजे १५ ठिकाणी. सहा बॉट, म्हणजे सेकंदाला ९०, तासाला ३ लाख २४ हजार. आणि हे सगळं कशासाठी, तर कोणीही न वाचणारा आकडा.

आता नियम: स्थिती खरंच बदलली तरच हजेरी, आणि तीही मिनिटात एकदाच. टक्के हवे असतील तर बॉटला "किती" विचारा, तो सांगतो. वर प्रॉसडीचं सीएसआय मॉड्यूल चालू केलं, फोनवरचं अॅप मागे गेलं की सर्व्हर हजेरीसारखा बिनतातडीचा माल धरून ठेवतो आणि मेसेज आला की सोबत देतो.

स्थिती फक्त चारच आहेत हेही आज कळलं: गप्पांना तयार, बाहेर, बराच वेळ बाहेर, त्रास देऊ नका. काहीच लिहिलं नाही तर साधं हजर. पाचवी स्वतःची बनवायला गेले तर ती प्रोटोकॉलात बसत नाही. काम चालू असताना "त्रास देऊ नका", रिकामा असताना साधं हजर, एवढ्यावर भागलं.

११ मार्च

मशीन मेलं तर बॉट राखाडी होतो का ते बघायला बॅकप मशीनची नेटवर्क केबल काढली आणि घड्याळ लावून बसले.

२५ मिनिटं हिरवा!

समजून घ्यायला उरलेला दिवस गेला. प्रोसेस नीट बंद केली तर कनेक्शनही नीट बंद होतं आणि सर्व्हरला लगेच कळतं. केबल गेली, वीज गेली, मशीन गोठलं, तर कोणीच कोणाला काही सांगत नाही. टीसीपीला, म्हणजे ज्या खालच्या थरावर हे कनेक्शन चालतं त्याला, शांत कनेक्शन आणि मेलेलं कनेक्शन यात फरक दिसत नाही, लिनक्सवर त्याची स्वतःची कीपअलाइव्ह तपासणी सुरू व्हायलाच डिफॉल्ट दोन तास लागतात, तीही प्रोग्रामने मागितली तर. प्रॉसडीला शांततेचा संशय त्याआधी येतो, पण तोही मिनिटांच्या हिशोबात. त्यावर स्ट्रीम मॅनेजमेंट, म्हणजे एक्सईपी-०१९८ (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीला जोडलेल्या वाढीव सोयींचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). कनेक्शन तुटलं तरी सेशन १० मिनिटं राखून ठेवायचं, म्हणजे बोगद्यात गेलेला फोन बाहेर आला की जिथे होता तिथून पुढे. फोनसाठी वरदान, बॉटसाठी भुताटकी.

१० मिनिटं कमी करून ६० सेकंद केली तर माणसांचे फोन दिवसभर हजर-गैरहजर-हजर असे फडफडायला लागले. तासाभरात शिव्या. म्हणून बॉटसाठी वेगळा व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे वेगळं डोमेन आणि वेगळी सेटिंग, काढला, त्याच प्रॉसडीवर, तिथे ६० सेकंद आणि माणसांच्या होस्टवर पुन्हा १० मिनिटं. एकाच सर्व्हरवरचे दोन होस्ट आपसात थेट बोलतात, त्यासाठी ५२६९ उघडावं लागत नाही. शिवाय पहारेकरी दर मिनिटाला पाचही बॉटना पिंग करतो, म्हणजे "आहेस का?" विचारतो, एक्सईपी-०१९९, लागोपाठ दोनदा उत्तर नाही तर मेला समजायचं. आणि पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? डिस्क बॉटचा.

पुन्हा केबल काढली. सव्वादोन मिनिटांत पहारेकरी ओरडला. चालेल.

१४ मार्च

बॅकप बॉट दर रात्री "मरतो" आणि दीड तासाने जिवंत होतो. बॅकप मात्र व्यवस्थित होतोय.

कारण बघितलं तर लाज वाटली. स्लिक्सएमपीपी पायथनच्या असिंकआयओवर चालतं, सगळं एकाच इव्हेंट लूपमध्ये, म्हणजे एक काम सोडल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही, आणि मी बॅकपची कमांड त्याच लूपमध्ये चालवून ती संपायची वाट बघत होते. बॅकप चालू आहे तोवर लूप अडकलेला, पिंगला उत्तर कोण देणार. म्हणजे बॉट सर्वात जास्त काम करत असतानाच तो मेलेला दिसतो.

काम वेगळ्या प्रोसेसमध्ये काढलं. पिंगची उत्तरं झकास यायला लागली. १५ मिनिटांचं काम, निवांत झोपले.

१७ मार्च

निवांत झोपायला नको होतं.

दोन रात्री बॅकप झाला नाही आणि बॉट दोन्ही रात्री हिरवा. कामाची प्रोसेस एका लॉक फाइलपाशी अडकून बसली होती, आणि बॉट, जो आता तिच्यापासून मोकळा झाला होता, तो पहारेकऱ्याला दर मिनिटाला हसून "हो आहे" सांगत होता. आधी काम करणारा बॉट मेलेला दिसायचा, मी तो दुरुस्त केला आणि आता मेलेलं काम जिवंत दिसायला लागलं. पिंगचं उत्तर हे फक्त पिंगचं उत्तर देणाऱ्या कोडबद्दल काही सांगतं, मी त्याच्याकडून बॅकपची साक्ष मागत होते.

आता असं केलंय. कामाची प्रोसेस प्रत्येक फाइल झाली की एका ठरलेल्या जागी वेळ लिहिते. बॉट ती वेळ बघतो, पाच मिनिटांहून जुनी असेल तर स्वतःच "बराच वेळ बाहेर" होतो आणि मजकूर लावतो "काम १२:०७ पासून गप्प". काम संपल्यावर शेवटचा यशस्वी बॅकप कधीचा तेही मजकुरात, आणि तो २६ तासांहून जुना झाला तरी पुन्हा तेच. म्हणजे हिरवा ठिपका बॉटला फुकट मिळत नाही, कामाने तो मिळवून द्यायचा. पाचही बॉटमध्ये हे घालायला दोन दिवस लागले, कारण प्रत्येक कामात "पुढे सरकलं" म्हणजे नक्की काय हे वेगळं आहे. लॉग बॉटचं तर सर्वात कठीण, एरर नसणं हीच त्याची चांगली बातमी, मग तो जागा आहे हे कसं कळणार? शेवटी दर तासाला एक खोटी एरर आपणच लिहायची आणि त्याने ती पकडलीच पाहिजे.

२० मार्च

छोट्या पण डोकं खाणाऱ्या दोन गोष्टी.

बिल्ड बॉटची नवी आवृत्ती चढवली, जुनी बंद करायची राहिली. दोघांचं अकाउंट एक आणि रिसोर्सचं (पत्त्याचा शेवटचा भाग, एकाच अकाउंटची कनेक्शनं वेगळी ओळखणारा) नावही मी कोडमध्ये पक्कं लिहिलेलं, म्हणजे पूर्ण पत्ता हुबेहूब सारखा. प्रॉसडी अशा वेळी जुन्याला हाकलतो. जुना पुन्हा कनेक्ट होतो, आता तो नवा ठरतो, दुसऱ्याला हाकलतो. ४० मिनिटं ही कुस्ती चालू होती आणि सगळ्यांच्या यादीत बिल्ड बॉट लुकलुकत होता. आता रिसोर्सचं नाव सर्व्हरलाच ठरवू देते, आणि कॉन्फ्लिक्टची एरर आली तर बॉट पुन्हा कनेक्ट न होता सरळ बंद होतो.

दुसरी: डिस्क बॉटने बॅकप बॉटला काहीतरी कळवलं. बॅकप बॉट म्हणाला "ही कमांड समजली नाही". डिस्क बॉट म्हणाला "ही कमांड समजली नाही". १९ मिनिटांत ११ हजारांच्या वर मेसेज, अत्यंत सभ्य भाषेत.

उपाय म्हणून आधी बॉटचे सगळे मेसेज "हेडलाइन" प्रकारचे केले, कारण त्यांना उत्तर अपेक्षित नसतं. भांडण मिटलं. पण रात्रीचे दोन इशारे गायब झाले. शोधल्यावर कळलं की समोरचा हजर नसेल तर हेडलाइन साठवून ठेवत नाहीत, सर्व्हर गुपचूप टाकून देतो, आणि हे आरएफसी ६१२१ या एक्सएमपीपीच्या मूळ नियमांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. शेवटी बॉट-बॉट बोलणं मेसेजमधून काढून आयक्यू या एक्सएमपीपीच्या प्रश्न-उत्तर प्रकारावर नेलं, तिथे एका विचारण्याला एकच उत्तर, आणि उत्तराला उत्तर नाही. मेसेज फक्त माणसांसाठी. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं असं माझं मत आहे.

२३ मार्च

६ तारखेच्या सतरा "हॅलो"चा सूड. बिल्ड बॉट बंद होता, टीममधल्या एकीने त्याला "रीस्टार्ट" टाइप केलं, काही होईना म्हणून पुन्हा, मग पुन्हा, मग कंटाळून तिने दुसरीकडून काम करून घेतलं. ४० मिनिटांनी बॉट वर आला, साठलेल्या तीन कमांड मिळाल्या आणि त्याने चालू असलेला चांगला बिल्ड मारून तीनदा रीस्टार्ट केलं. तिचा दीड तास गेला.

उशिरा पोचलेल्या मेसेजवर सर्व्हर शिक्का मारतो, मूळ वेळेसकट, एक्सईपी-०२०३. आता बॉट तो शिक्का बघतो आणि दोन मिनिटांहून जुनी कमांड असेल तर चालवत नाही, उलट विचारतो "हे ४० मिनिटांपूर्वीचं आहे, अजून करायचंय का?" माणूस असता तर त्यानेही हेच विचारलं असतं.

२६ मार्च

बॉट ताळ्यावर आले, आता माणसं.

पहारेकऱ्याचा नियम होता: जो हजर त्याला सांग. पहिल्याच रात्री इशारा गेला एका बंद खोलीतल्या कॉम्प्युटरला. क्लायंट उघडा राहिलेला, त्याची प्रायॉरिटी (एका अकाउंटच्या कुठल्या उपकरणाला आधी मेसेज द्यायचा तो आकडा) ५०, फोनची ०. रिसोर्स न लिहिता पाठवलेला मेसेज वरच्या प्रायॉरिटीकडे गेला आणि फोन वाजलाच नाही. मेसेज कार्बन्स, एक्सईपी-०२८०, सगळीकडे चालू केल्यावर प्रत येते आता दोन्हीकडे. सगळ्यांची प्रायॉरिटीही एकसारखी करायला लावली.

मग उलटं. "बाहेर" असलेल्याला वगळ म्हटलं, तर क्लायंट पाच मिनिटं कीबोर्डला हात लावला नाही की स्वतःच "बाहेर" होतो, समोर बसून काहीतरी वाचणारा माणूस पहारेकऱ्याच्या लेखी गायब. आणि आमच्यातला एक जण कायम "त्रास देऊ नका" लावूनच असतो, त्याला उठवायचं की नाही? त्याला विचारलं तर म्हणाला, काही पेटलं असेल तर नक्की उठवा. म्हणजे तोच लाल ठिपका बॉटवर "काम चालू" आणि माणसावर "काम चालू, पण आग लागली तर चालेल".

नियमात नियम घालत गेले, रात्री साडेअकरापर्यंत सात अटी झाल्या होत्या. तिथेच थांबायला हवं होतं.

२९ मार्च

आज सर्वात वाईट वाटलं ते तांत्रिक नव्हतं.

अटी तपासायला मी पहारेकऱ्याच्या लॉगमध्ये सगळ्यांच्या हजेऱ्या लिहून ठेवत होते. एकीने लॉग उघडला, तिला दुसरंच काही शोधायचं होतं, आणि तिला तिचं तीन आठवड्यांचं वेळापत्रक दिसलं. किती वाजता उठते, किती वेळ कीबोर्ड सोडते, कुठल्या रात्री फोन दोन वाजेपर्यंत जागा होता. ती चिडली नाही, नुसतं म्हणाली, "मी याला हो कधी म्हटलं होतं?"

म्हटलंच नव्हतं. ७ मार्चला मी ज्या ११० परवानग्या वाचवल्या म्हणून खूश होते त्या परवानग्या याचसाठी होत्या. प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी प्रत्येक दिशेला वेगळं "हो" मागितलंय ते उगाच नाही, आणि मी त्याला कटकट समजून एका टेक्स्ट फाइलीने उडवलं.

लॉग पुसला, बॅकपमधलाही. ग्रुप फाइलीतून माणसं काढली, आता तिथे फक्त बॉट. माणसांना बॉट दिसावेत म्हणून बॉट कोणाही टीमवाल्याची विनंती आपोआप स्वीकारतात, पण उलटी विनंती करत नाहीत. स्लिक्सएमपीपी आपणहून उलटी विनंती पाठवतं, ते सेटिंग बंद करायला विसरू नका, मी विसरले आणि सगळ्यांना पाच-पाच विनंत्या गेल्या, त्या दिवशी हे बरं दिसलं नाही.

१ एप्रिल

मग पहारेकऱ्याला कळणार कसं कोण हजर आहे? उत्तर आधीपासून समोर होतं. एक रूम बनवली, नाव "पाळी". ज्याची पाळी तो रूममध्ये शिरतो, संपली की बाहेर. रूममध्ये शिरणं म्हणजेच त्या रूमला, आणि तिच्यापुरतीच, हजेरी पाठवणं. पहारेकरी फक्त रूममध्ये कोण आहे ते बघतो. सात अटी गेल्या, कोडच्या १४० ओळी गेल्या. इशारा रूममध्ये पडतो, कोणीतरी "बघतो" किंवा "बघते" लिहायचं, पाच मिनिटांत कोणीच लिहिलं नाही किंवा रूम रिकामी असेल तर पाचही जणांना एसएमएस.

३ एप्रिल

रूमचंही भूत निघालं. सर्व्हर रीस्टार्ट केला, बॉटच्या मते तो अजून रूममध्ये, रूमच्या मते आत कोणी नाही. दोघंही आपापल्या जागी खात्रीने चुकीचे. यावर एक्सईपी-०४१० आहे, रूममधल्या स्वतःलाच पिंग करून बघायचं, आणि त्याच्या नावातच श्रोडिंगर (एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या मांजरीवाला) आहे म्हणजे आधी बरेच जण यात पडलेत. पहारेकऱ्यात घातलं, दर पाच मिनिटांनी. दीड तास.

६ एप्रिल

पहिला खरा प्रसंग. पहाटे २:४० ला बॅकप बॉट "काम २:३४ पासून गप्प" झाला, पण त्याच वेळी पाळी बदलत होती, एक जण बाहेर पडला आणि दुसरी आत यायला सात मिनिटं लागली, त्यामुळे पाचही फोन वाजले. दोघांनी एकदम दुरुस्ती सुरू केली आणि एकाने दुसरीची प्रोसेस मारली. डिस्क भरली होती, एवढंच. डिस्क बॉट त्याच डिस्कवर आपली वेळ लिहीत होता, त्यामुळे तोही गप्प.

आता ठरलंय की पुढची व्यक्ती आत आल्याशिवाय आधीची बाहेर पडणार नाही. वेळेच्या फाइली सगळ्या मेमरीतल्या फोल्डरात हलवल्या. लॉग बॉट अजून माणसांच्याच होस्टवर आहे, तिथे १० मिनिटांचं भूत शिल्लक आहे, तो शनिवारी हलवते.